उशिराचा हिशेब कुठल्या वहीत?

२०२५ च्या वसुबारसेला, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकमध्ये जोडलेले पहिले तेजस मार्क-१ए हे देशी लढाऊ विमान उडाले. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आले होते, तेजसच्या तिसऱ्या उत्पादनसाखळीचे उद्घाटन झाले. निफाड तालुक्यात विमानाच्या आवाजाचे कुणाला अप्रूप नाही. द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या धांदलीत डोक्यावरून काही कडाडत गेले, तर माणूस मान वर न करताच सांगतो, सुखोई आहे. त्याआधी मिग होते. चीनच्या युद्धानंतर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, मिगचा कारखाना या माळावर आला आणि आजूबाजूच्या गावांतल्या दोन पिढ्यांची घरे त्यावर उभी राहिली. त्यामुळे तेजसच्या उड्डाणाचा आनंद आमच्याकडे जरा घरच्या कार्यासारखा होता. मलाही झाला.

त्याच्या बरोबर तीन आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, हवाई दलाने चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ मध्ये दाखल झालेले विमान ६२ वर्षांनी सेवेतून गेले. ते गेल्यावर लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे.

दोन समारंभ इतके लागोपाठ झाले की कुणालाही वाटावे, जुने गेले, नवे आले, गाडी वेळेवर आहे. वेळापत्रक काढून पाहिले की घाम फुटतो. मिग-२१ ची जागा घेणारे हलके लढाऊ विमान, म्हणजे आजचे तेजस, देशात बनवायचे ठरले १९८३ मध्ये. पुढच्या वर्षी त्यासाठी बंगळुरूत एडीए ही विमानाचा आराखडा आणि विकास पाहणारी सरकारी संस्था निघाली. १९८५ मध्ये हवाई दलाने आपली गरज कागदावर दिली: २२० विमाने, १९९४ पासून. पहिले उड्डाण झाले ४ जानेवारी २००१ ला. पहिली दोन विमाने स्क्वाड्रनमध्ये आली १ जुलै २०१६ ला. आणि ओझरला ज्याचे कौतुक झाले त्या मार्क-१ए चे पहिले विमान हवाई दलाच्या ताब्यात यायचे होते मार्च २०२४ मध्ये. २०२५ साल संपले तरी ते मिळाले नव्हते. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ असे ज्याने म्हटले त्याने विमानखरेदी पाहिली नसावी.

विमानाच्या किमतीवरून आपण संसद बंद पाडतो, निवडणूक लढवतो, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो. उशिरावरून यातले काहीही करत नाही. रुपयाचा हिशेब विचारायला महालेखापाल आहेत, विरोधी पक्ष आहे, वर्तमानपत्रे आहेत. वर्षांचा हिशेब विचारणारे कुणी नाही. आणि ज्याचा हिशेब कुणी मागत नाही ते आपल्याकडे फुकट समजले जाते. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे.

इंजिनाचेच बघा. मार्क-१ए रखडले कारण अमेरिकेच्या जीई कंपनीने एफ-४०४ इंजिने वेळेत दिली नाहीत, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. ते खोटे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ इंजिनांचा ७१.६ कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यातले पहिले इंजिन हाती पडले मार्च २०२५ मध्ये. पण जीईची बाजूही ऐकावी. भारताची आधीची ६५ इंजिनांची मागणी कंपनीने २०१६ पर्यंत पुरी केली. पुढची मागणी आली नाही, म्हणून ती साखळी बंद करून टाकली. पाच वर्षांनी आपण पुन्हा दार ठोठावले तेव्हा थंड पडलेली चूल नव्याने पेटवायची होती, आणि मधल्या काळात कोविडने जगभरचे सुटे भाग पुरवणारे कारखाने विस्कटले होते.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नोव्हेंबर २०१६ मध्ये ८३ मार्क-१ए घ्यायला तत्त्वतः मंजुरी मिळाली होती. म्हणजे अमेरिकेत इंजिनाची साखळी बंद झाली त्याच वर्षी दिल्लीत सगळ्यांना ठाऊक होते की अजून किमान ८३ इंजिने लागणार. विमानांचा करार मात्र झाला फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधली सव्वाचार वर्षे मुख्यतः किंमत ठरवण्यात गेली. सरकारने सरकारच्याच मालकीच्या कंपनीकडून घ्यायच्या विमानाची किंमत! मंजुरीच्या वेळी अंदाज सुमारे ५० हजार कोटींचा होता, करार त्याहून दोन-तीन हजार कोटींनी कमी रकमेत झाला. ही बचत कागदावर दिसते, तिचे श्रेय घेता येते. बंगळुरूत तयार होऊन इंजिनाची वाट पाहत थांबलेल्या सांगाड्यांची किंमत कुठल्या कागदावर दिसते? आपल्याकडे लग्न ठरले की पहिल्यांदा मंगल कार्यालय धरतात. मानपानाची बोलणी महिनाभर चालू द्या, कार्यालयाची तारीख गेली तर सगळेच गेले, हे घरातल्या आजीलाही कळते. इंजिन हे या लग्नातले कार्यालय होते.

हे दुखणे नवे नाही. १९६१ मध्ये उडालेल्या एचएफ-२४ मरुत या आपल्या लढाऊ विमानाचा सांगाडा जर्मन अभियंता कुर्ट टँक यांनी देखणा काढला होता. त्याला साजेसे इंजिन कधी मिळालेच नाही, आणि ते विमान आयुष्यभर अशक्त राहिले. तेजससाठी आपण कावेरी इंजिन हाती घेतले, १९८९ मध्ये, सुमारे ३८३ कोटींच्या मंजुरीने. खर्च दोन हजार कोटींच्या आसपास गेला आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करावे लागले. स्वीडनने आपल्या ग्रिपेन या हलक्या लढाऊ विमानाला मंजुरी दिली १९८२ मध्ये, आपल्या एक वर्ष आधी. त्यांनी इंजिनाचा हट्ट धरला नाही. याच एफ-४०४ वर आधारलेले इंजिन पहिल्या दिवसापासून गृहीत धरले. ग्रिपेनही पडले, एकदा १९८९ मध्ये आणि एकदा १९९३ मध्ये भर स्टॉकहोममध्ये, लोकांसमोर. तरी १९९६ मध्ये ते सेवेत आले. आपण सांगाडा, संगणकी उड्डाणनियंत्रण, रडार, इंजिन, सगळेच एका दमात पहिल्यांदा करायला निघालो. त्यात १९९८ मध्ये पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि तिथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत यावे लागले. त्यांनी ते नियंत्रणाचे काम इथे बसून पुरे केले, ही खरी मर्दुमकी आहे. तेजसला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

इथे एक सोपा निष्कर्ष लोकांच्या जिभेवर तयारच असतो: देशी म्हणजे उशीर, वेळेवर हवे असेल तर परदेशातून घ्या. हा निष्कर्ष आकड्यांपुढे टिकत नाही.

कारगिलमध्ये मिराज-२००० ने टायगर हिलवर अचूक मारा केला. त्यानंतर हवाई दलाला तसलीच १२६ विमाने हवी होती. मागणी साधी होती, विमान ओळखीचे होते, वैमानिक आणि तंत्रज्ञ तयार होते. पण एकाच कंपनीकडून थेट घेतले तर उद्या बोट दाखवले जाईल, म्हणून स्पर्धा ठरली. स्पर्धेची निविदा निघेपर्यंत ऑगस्ट २००७ उजाडला, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये शेवटचे मिराज बनून कारखान्याबाहेर पडले. मग सहा विमानांची परीक्षा झाली: लेहची थंडी, जैसलमेरची उष्णता, बंगळुरूची हवा. जानेवारी २०१२ मध्ये राफेलची बोली सर्वांत कमी ठरली. पुढे तीन वर्षे बोलणी अडली ती ओझरसारख्या आपल्याच कारखान्यांत बनायच्या १०८ विमानांवरून. हमी कोणी द्यायची, आणि फ्रान्सच्या २.७ पट मनुष्य-तास लागणार असतील तर त्यांचे पैसे कोणी मोजायचे. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ विमानांची घोषणा केली आणि १२६ चा विषय संपला. एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ११० विमानांसाठी नव्याने माहिती मागवली गेली. सापशिडीच्या पटावर नव्याण्णववर डसणारा साप असतो, तसे हे झाले.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू मला अधिक बोलकी वाटते. सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ राफेलच्या करारावर सही झाली, ७.८७ अब्ज युरो, तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ५९ हजार कोटी. जुलै २०२० मध्ये पहिली पाच अंबाल्याला उतरली, ऐन टाळेबंदीच्या वर्षात. २०२२ संपेपर्यंत छत्तीसही आली. म्हणजे सही झाल्यावर सहा वर्षे, सहीच्या आधी जवळजवळ पंधरा. परदेशी विमानाचा उशीर सहीच्या अलीकडे होतो, फायलीत. देशी विमानाचा बराच उशीर सहीच्या पलीकडे होतो, कारखान्यात. फायलीतला उशीर कुणाच्याच नावावर चढत नाही, कारण तेव्हा करारच झालेला नसतो. मग उशीर कशाला झाला म्हणायचे? कारखान्यातला उशीर दिसतो, त्यावर ओरड होते. तेजस मार्क-१ए ला दोन्ही बाजूंचा प्रसाद मिळाला.

हवाई दलप्रमुख अमर प्रीत सिंग यांनी २०२५ च्या मे महिन्यात जाहीर व्यासपीठावरून सांगितले की वेळेत पुरा झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही, आणि जमणार नाही ते वचन मुळात द्यायचेच कशाला. गणवेशातला माणूस इतके उघड बोलतो तेव्हा पाणी गळ्याशी आलेले असते. तरी मला त्यांच्या दलालाही एक विचारावेसे वाटते. २००६ मध्ये २० तेजसची मागणी नोंदवली, २०१० मध्ये आणखी २०. वर्षाला आठ विमानांच्या साखळीला चाळीस विमानांचे काम. एवढ्या तुटपुंज्या मागणीवर कोणता पुरवठादार नवे यंत्र घेईल? सातपूर-अंबडच्या एखाद्या लघुउद्योजकाला विचारा. तो म्हणेल, साहेब, पाच वर्षांची ऑर्डर लेखी द्या, उद्या पाच अक्षांचे सीएनसी मशीन आणतो. नाहीतर बँक दारात उभी करत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ मार्क-१ए साठी ६२ हजार ३७० कोटींचा करार झाला, तेव्हा कुठे नाशिकची साखळी धरून वर्षाला २४ विमानांची भाषा अर्थपूर्ण झाली. हीच मागणी दहा वर्षे आधी आली असती तर?

‘आली असती तर’ला खरे तर रुपयांत उत्तर देता येते, आणि इथे किमतीचा विषय येतो. १९८३ मध्ये तेजससाठी ५६० कोटी मंजूर झाले होते. महालेखापालांच्या २०१५ च्या अहवालात खर्चाचा आकडा १० हजार कोटींच्या पलीकडे गेलेला होता. अठरा पटींच्या पुढे! हा आकडा दर दोन वर्षांनी कुणीतरी नव्याने शोधून काढतो आणि त्याचा मथळा होतो. ज्यांना त्याचा धक्का बसतो त्यांनी १९८३ चा सोन्याचा भाव आठवावा. तोळा दोन हजारांच्या आत होता. शिवाय ५६० कोटींत विमान बनवून होईल असे तेव्हाही कुणा जाणत्याला वाटले नसणार. ती दारात पाय ठेवण्यापुरती रक्कम होती. ‘घर पाहावे बांधून’ म्हणतात ते याचसाठी. गवंडी पहिल्या दिवशी जो आकडा सांगतो तो ऐकून आपण पाया खणतो, आणि छताशी आल्यावर मागे फिरता येत नाही. जगभर शस्त्रास्त्रांचे पहिले अंदाज असेच गोड असतात. त्यांना अंदाज म्हणण्यापेक्षा आमिष म्हणावे. तेव्हा किंमत ‘वाढली’ म्हणताना ती मुळात कमी सांगितली होती का, हेही विचारले पाहिजे. आपल्या चर्चेत हा प्रश्न क्वचितच येतो.

खरी वाढ निराळ्या वाटेने येते, आणि त्या वाटेचे नाव उशीर. तेजसवर आधी आर-६० हे जवळच्या पल्ल्याचे क्षेपणास्त्र बसायचे होते. विमान इतके लांबले की क्षेपणास्त्रच म्हातारे झाले. मग त्याजागी अधिक जड आर-७३ आले, त्यासाठी पंख पुन्हा तपासावे, बळकट करावे लागले, चाचण्या नव्याने, तारीख पुढे. तोपर्यंत शेजाऱ्याकडे दुसरे काही आलेले असते, म्हणून आणखी एक मागणी. हवाई दलाचेही चूक म्हणवत नाही. १९८५ च्या कागदावरचे विमान २००५ मध्ये कोण घेईल? पण अशा रीतीने एक उशीर दुसऱ्याला जन्म देत जातो आणि प्रत्येक बाळंतपणाचा खर्च निराळा. महालेखापालांनी त्याच अहवालात मार्क-१ मध्ये ५३ महत्त्वाच्या उणिवा नोंदवल्या होत्या.

दुसरी वाट संख्येची. खर्च वाढला की सरकार विमाने कमी करते. संशोधनाचा, साच्यांचा, चाचण्यांचा ठरलेला खर्च मग थोड्या विमानांवर वाटला जातो आणि एका विमानाची किंमत आणखी चढते. ब्रिटनने टायफून २३२ घ्यायची ठरवली, ती १६० वर आणली. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ मध्ये सांगितले की विमाने तीस टक्के कमी झाली, विकास आणि उत्पादनाचा खर्च वीस टक्के वाढला, आणि एका विमानामागची किंमत ७५ टक्क्यांनी चढली. अमेरिकेला एफ-२२ साडेसातशे हवी होती, दलात आली १८७. १२६ ची ३६ झाली तेव्हा आपल्याकडे भांडण एका विमानाच्या किमतीवरून पेटले. नव्वद विमाने कमी आली, त्यांच्या जागी आकाशात काय उडणार, यावर त्या वर्षी किती भाषणे झाली ते आठवून पाहा.

त्या जागी मिग-२१ उडत राहिले. इथे उशिराची किंमत रुपयांत मोजता येत नाही. २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडा दिला: घेतलेल्या ८७२ मिगपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. सगळे दोष विमानाचे नव्हते. हवाई दलाच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच सांगितले होते की शिकाऊ वैमानिकाला मिगमध्ये बसवण्याआधी मधल्या पायरीचे, वेगवान प्रशिक्षण-विमान द्या. ब्रिटनच्या हॉकचा करार झाला मार्च २००४ मध्ये. बावीस वर्षे. तेही बाहेर तयार मिळणारे विमान, कुठले संशोधन नाही, कुठले इंजिन बनवायचे नाही. २००१ मध्ये सुरतगढला एक तरुण मराठी वैमानिक मिग-२१ च्या अपघातात गेला. त्याच्या आईने पुढे जाहीरपणे या विमानांच्या सुरक्षेबद्दल प्रश्न विचारले, तेव्हा किती जणांना ते ऐकणेसुद्धा अवघड झाले होते हे माझ्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल. त्या बावीस वर्षांत हॉकची फाइल ज्यांच्या टेबलांवरून गेली त्यातल्या कुणाच्या सेवापुस्तकात या उशिराची एक ओळ आहे का?

नसणारच, कारण त्यांनी काही चूक केली नव्हती. हाच तर पेच आहे. बोफोर्सचा करार १९८६ चा. पुढच्या वर्षी आरोप झाले आणि त्यानंतर तीस वर्षे लष्कराला नवी मोठी तोफ मिळाली नाही. त्या प्रकरणातून दिल्लीने जो धडा घेतला तो लाच घेऊ नये असा नव्हता. सही करू नये, असा होता. सही करणाऱ्याला निवृत्तीनंतरही चौकशीला बोलावता येते. ‘आणखी स्पष्टीकरण मागवावे’ असा शेरा मारून फाइल खाली पाठवणाऱ्याला कधीच कुणी बोलावले नाही. शिवाय सहसचिव तीन-चार वर्षांत बदलतो, हवाई मुख्यालयातला अधिकारी दोन वर्षांत, आणि ज्या दिवशी विमान येते त्या दिवशी त्याची फाइल सुरू करणारा माणूस बहुधा नातवंडांना शाळेत सोडत असतो. प्रामाणिक म्हणून नावाजलेल्या मंत्र्यांच्या काळात खरेद्या अधिकच थबकल्या, याचे मला आश्चर्य वाटत नाही. आपण प्रामाणिकपणा मोजायचे जे माप ठरवले आहे त्यात वेळेचा रकानाच नाही.

पैसा नाही म्हणून हे होते, असेही म्हणतात. काही वेळा खरे आहे. पण २०२४-२५ मध्ये संरक्षणाच्या भांडवली खर्चासाठी १.७२ लाख कोटी ठेवले होते आणि सुधारित अंदाजात ते १.६० लाख कोटींच्या आत आले. साडेबारा हजार कोटी खर्चच झाले नाहीत. ज्या घरात छत गळते आहे त्या घरातली ही शिल्लक आहे.

अमेरिकेत सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. एफ-३५ चा खर्च हा तिकडे स्वतंत्र विनोदाचा विषय आहे. २०२४ मध्ये कंपनीने ११० एफ-३५ दिली, सगळीच्या सगळी उशिरा, सरासरी २३८ दिवस. त्याआधीच्या वर्षी सरासरी ६१ दिवस. हे आकडे वाचून आपल्याकडे काहींना बरे वाटले: बघा, त्यांचेही तसेच! मला ते वाचून हेवा वाटला. उशीर त्यांना दिवसांत माहीत आहे, आणि तो तिथल्या संसदेला उत्तर देणाऱ्या जीएओ या संस्थेने जाहीर अहवालात छापला आहे. ओझरच्या कट्ट्यावर बसलेल्या मलाही तो वाचता येतो. १९८२ पासून तिथे कायदा आहे, की शस्त्राची किंमत मूळ अंदाजाच्या ठरावीक टक्क्यांहून वाढली तर संसदेला कळवायचे, आणि फारच वाढली तर हा प्रकल्प चालू का ठेवावा हे लेखी पटवून द्यायचे. त्याने महागाई थांबली नाही. पण मूळ आकडा पुसून त्यावर नवा लिहिता येत नाही. आपल्याकडे ‘सुधारित मंजुरी’ आली की आधीची तारीख मेल्यासारखी होते, आणि पुढचा उशीर नव्या तारखेपासून मोजतात. राफेलवरचा महालेखापालांचा २०१९ चा अहवाल आला तो किमती झाकूनच.

म्हणून मागणी अगदी लहान आहे. तेजस मार्क-१ए, मार्क-२, एएमसीए हे पुढच्या पिढीचे देशी लढाऊ विमान, राफेलच्या पुढच्या खरेद्या, अशा प्रत्येक प्रकल्पाचे एक पान दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात संसदेसमोर यावे. पहिली तारीख, पहिली किंमत, आजची तारीख, आजची किंमत. मंजुरी ते सही किती महिने, सही ते पहिले विमान किती महिने, हे वेगवेगळे. आणि फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती. एएमसीएच्या पाच नमुन्यांसाठी मार्च २०२४ मध्ये सुमारे १५ हजार कोटी मंजूर झाले आहेत. त्याचे पहिले पान आजच लिहून ठेवता येईल, अजून कोरे आहे तोवर. त्याच पानावर इंजिनाची मागणी कोणत्या दिवशी नोंदवली हेही असावे. विमानाचा करार व्हायची वाट न पाहता इंजिनासारख्या लांबणाऱ्या वस्तूंची मागणी आधी नोंदवता आली पाहिजे. तसे करताना उद्या करार फिसकटला तर काही शे कोटी अंगावर येतील. येऊ देत. पाच वर्षांपेक्षा ते स्वस्त आहे.

यावर गुप्ततेचा आक्षेप येईल. रडारचा पल्ला गुप्त ठेवा, क्षेपणास्त्रांची संख्या गुप्त ठेवा, कुणी विचारत नाही. पण विमान आले नाही ही गोष्ट शत्रूपासून लपत नाही. त्याच्या उपग्रहाला आपले तळ दिसतात, तिथे काय उभे आहे ते तो आपल्याआधी मोजतो. उशिराचा आकडा ज्याच्यापासून लपतो तो माणूस कर भरणारा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तारीख जाहीर करायची म्हटली की अधिकारी पहिलीच तारीख दहा वर्षे पुढची लिहितील. लिहितील खरे. पण मग हवाई दलाला निदान ठाऊक असेल की दहा वर्षे कशावर काढायची आहेत, आणि जुन्या विमानाचे आयुष्य वाढवायचे की मधल्या काळापुरते दुसरे काही घ्यायचे हे वेळेत ठरवता येईल. १९९४ चे वचन ऐकून आपण दोन दशके ‘येतेच आहे’ म्हणत मिग उडवली. खोट्या जवळच्या तारखेपेक्षा खरी लांबची तारीख मला चालेल.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सातपूरच्या एका लहान कारखान्यात तीस वर्षे फिटर होते. मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तिथे बनत. प्रत्येक भागासोबत एक जॉब कार्ड फिरायचे. त्यावर काम संपायची ठरलेली तारीख, प्रत्यक्ष संपल्याची तारीख आणि शेवटी उशिराचे कारण लिहायला एक अरुंद रकाना. तेजस उडाले त्या संध्याकाळी ते पणत्या लावत होते. मी विचारले, “काका, त्या रकान्यात तुम्ही काय लिहायचा?”

“माल नाही, असं. कायम माल नाही.”

“खरंच नसायचा?”

“कधी नसायचा. पण बरेचदा वरची सही झालेली नसायची,” ते म्हणाले. “तसं लिहिलेलं कार्ड परत यायचं, कारण बरोबर लिहा म्हणून.”